खोलीचं तापमान, गोंदिया

मी तापट आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पण काचेच्या एवढ्याशा पट्टीवर माणूस किती चिडू शकतो, हे बाबांना त्या वर्षीच्या मे महिन्यात कळलं. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. गोंदियाच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होते आणि उरलेल्या वेळात नागपूरच्या सरांच्या हाताखाली पीएचडी करत होते. उरलेला वेळ म्हणजे खरं तर सुट्ट्याच. बाबा सौंदडला शेती करायचे. उन्हाळ्यात धानाच्या बांध्या रिकाम्या पडल्या की ते माझ्या भाड्याच्या खोलीवर राहायला यायचे, आणि दिवसभर मी कुठं जाते, काय करते, याची चौकशी करत बसायचे.

मी काय करते ते सांगणं सोपं नव्हतं. एकदा जेवताना त्यांनी फारच लावून धरलं, तेव्हा मी त्यांच्याच गोठ्यात शिरले. म्हटलं, "समजा, जुवाला एक बैल असा बांधला, की जरा निवांत वाटलं की ओळीत शिस्तीनं बसतो. आणि दुसरा असा, की कधीच बसत नाही, नुसता भटकायला बघतो. दोघांना सोडवता येत नाही. तर पहिला बसू शकेल का, हे मी बघते."

बाबांनी भात कालवता कालवता विचार केला. "अशी जोडी इकून टाकाव, बाई. पाच वर्सं कायले पाहून राहिली तू?"

रसायनशास्त्रात या जोडीला ब्लॉक कोपॉलिमर म्हणतात. लांबच लांब साखळीसारखा रेणू असतो. त्याचा एक भाग एका पदार्थाचा, दुसरा भाग दुसऱ्याचा, आणि मध्ये दोघं कायमचे जोडलेले. माझ्या रेणूतला पहिला भाग थंड होताना घड्या घालून रांगेत बसायचा, म्हणजे त्याचे स्फटिक व्हायचे. दुसरा काही केल्या स्फटिक होत नसे. असा पदार्थ वितळवून निवू दिला की त्यात कुठंतरी एका बिंदूपाशी सुरुवात होते, आणि तिथून स्फटिकांच्या बारीक काड्या सगळ्या दिशांनी वाढत जातात. शेजारून वाढत आलेला दुसरा गोळा आडवा आला की थांबतात. या गोल रचनेला स्फेरुलाइट म्हणायचं. लोणकढं तूप सावकाश निवलं की रवाळ होतं, तो रवा या स्फेरुलाइटचा सख्खा चुलतभाऊ. खास सूक्ष्मदर्शकात, प्रकाश अडवणाऱ्या दोन काचांच्या मध्ये तो धरला, की न बसलेला पदार्थ काळा ठिक्कर दिसतो आणि स्फेरुलाइट मात्र उजळून निघतो, मधोमध काळी फुली घेऊन. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पाठीमागं रांग लावून उभ्या असलेल्या मुलांना कितीतरी वेळ डोळा लावू दिला नव्हता.

माझ्या प्रबंधाचं म्हणणं असं होतं की दुसरा भाग लांब करत नेला, तरी पहिला बसायचा राहत नाही. फक्त सावकाश बसतो. त्यासाठी मी भटक्या भागाची लांबी वाढवत एकामागून एक पदार्थ तयार केले. आधीचे सगळे हिवाळ्यात झाले आणि सगळे मुकाट्यानं बसले. शेवटचा, सगळ्यांत लांब भटक्या भागाचा, एप्रिलच्या अखेरीला हाती आला. पांढरी भुकटी, लहानशा बाटलीत, तळाला थोडीशी. तो बसला की प्रबंध पुरा. न बसला तर माझं म्हणणंच खोटं. आणि पुन्हा नव्यानं काही मांडायला वेळ नव्हता, कारण सर जूनअखेर निवृत्त होत होते. त्यानंतर दुसरा मार्गदर्शक शोधा, दुसरा विषय घ्या, पहिल्या इयत्तेपासून सुरुवात. तेवढी उमेद माझ्यात उरली नव्हती. कायमची नोकरी पीएचडीशिवाय मिळायची नाही हेही दिसत होतं. त्या बाटलीच्या तळाशी माझी पाच वर्षं होती, असं म्हटलं तरी चालेल.

तसा सूक्ष्मदर्शक सरांच्या खोलीतही होता. पण सरांच्या समोर बसून चुकायचं धाडस मला कधीच झालं नाही. सर ओरडायचे नाहीत. नुसते चष्मा काढून पुसायचे, आणि ते पुसणं संपेपर्यंत आपण जमिनीत गेलेलं बरं असं वाटायचं. म्हणून मी ठरवलं, की आधी गोंदियात सगळं नीट पाहून घ्यायचं आणि मगच नागपूरला जायचं. आमच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात खडकांचे पातळ काप पाहायचा जुना सूक्ष्मदर्शक होता. त्याला दिवा नव्हता, आरसा होता. खिडकीतून येणारा उजेड आरशानं वर फेकायचा. लोडशेडिंगच्या दिवसांत याच्याइतकं भरवशाचं यंत्र जिल्ह्यात दुसरं नसेल. विभागाच्या प्राध्यापकांनी सुट्टीत तो वापरायला दिला. अट एकच, की संध्याकाळी टेबल स्वच्छ, रिकामं दिसलं पाहिजे. त्यांच्या कापांवर एकदा कुणीतरी चहा सांडला होता म्हणे.

प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबच्या खाली. सकाळी उशिरा जायचं, स्पिरिटच्या दिव्यावर चंचुपात्रात पाणी उकळायचं, त्यावर काचपट्टी ठेवायची. पट्टीवरची चिमूटभर भुकटी विरघळल्यासारखी पारदर्शक व्हायची. मग पट्टी उचलून टेबलावर ठेवायची, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, अर्धा तास थांबायचं आणि बघायचं. हिवाळ्यात अर्ध्या तासात स्फेरुलाइटांनी पट्टी भरून जायची.

आता पट्टी काळी होती. एक ठिपका नाही.

मला वाटलं भुकटी कमी घेतली. जास्त घेतली. काळंच. वाटलं पाणी लागलं असेल. पट्टी कोरडी करून पुन्हा. काळंच. नवी काच, धुतलेली काच, पातळ थर, जाड थर, काही म्हणता काही फरक नाही. भिंगं एकेक करून पुसली. आरसा फिरवला. खात्री करायला हिवाळ्यातल्या एका पदार्थाची जुनी, जपून ठेवलेली पट्टी लावली तर ती दिमाखात उजळली. म्हणजे यंत्र ठीक, डोळे ठीक. घोडं पेंड खात होतं ते माझ्या बाटलीत. काळी निघालेली पट्टी लगेच क्लोरोफॉर्मनं पुसायची. संध्याकाळी टेबल रिकामं करून मी घरी यायचे आणि बाबांनी विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला तिरकं उत्तर द्यायचे.

"भाजीत मीठ नाई पडलं का आज?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. मी ताट सरकवून उठले. बाबांनी उठून मीठ आणलं, माझ्या ताटात घातलं, आणि म्हणाले, "काऊन चिडून राहिली? मिठावर राग हाय का काचेवर?" मला हसू आलं नाही. आज येतं.

आठवडा असा गेल्यावर भुकटी अगदी थोडी उरली. शेवटी शनिवारी दुपारी मी सरांना फोन केला.

"कसं केलंत?" सरांनी विचारलं.

"वितळवलं, खोलीच्या तापमानाला आणलं, अर्धा तास थांबले. तासभरही थांबून पाहिलं."

"आणि काहीच नाही?"

"काहीच नाही, सर."

पलीकडं ते चष्मा पुसत असणार. मला ते दिसत होतं. "मग दुसरा भाग फार लांब झालाय. पहिल्याला बसूच देत नाही. सोमवारी पट्ट्या घेऊन या. पण मनाची तयारी ठेवा. मी असेपर्यंत नवीन काही होणार नाही, हे तुम्हालाही कळतं."

कळत होतं. फोन ठेवला आणि पाचावर धारण बसली. रडू नाही आलं, नुसता संताप आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. सरांवर काढता येईना, बैलांवर काढता येईना. लाइट गेलेली होती. घामानं पाठ ओली झाली होती. मी सामान आवरायला घेतलं. दिवा विझवला, चंचुपात्र उपडं केलं, आणि सकाळपासून पट्टीच्या शेजारी आडवा पडलेला थर्मामीटर म्यानात घालायला उचलला. उकळत्या पाण्यासाठी आणलेला तो लांब, काचेचा थर्मामीटर.

पारा त्रेचाळीसवर होता.

पहिल्यांदा वाटलं, बिघडला. तापाचा थर्मामीटर झटकतात तसा मी तो दोनदा झटकला. रसायनशास्त्राच्या बाईनं हे करावं म्हणजे कमालच, कारण हा थर्मामीटर झटकून काही उतरत नसतो. पारा त्रेचाळीसवरच. मग लक्षात आलं की तो कशात बुडवलेलाच नव्हता. सकाळपासून नुसता टेबलावर, माझ्या पट्टीच्या अंगाला अंग लावून पडला होता.

मी तशीच उभी राहिले. खोलीचं तापमान. हे शब्द मी डिसेंबरात लिहिले होते तेव्हा खोली वीस-बावीस अंशांची होती, आणि स्वेटर घालून लिहिले होते. मे महिन्यात तेच शब्द, तेच अक्षर, आणि खोली त्रेचाळीसची. ज्या शोधनिबंधांतून मी ते शब्द उचलले त्यांच्या गावात खोली बाराही महिने एकसारखीच असावी. माझ्या पदार्थाला बसायला जेवढी निवांत थंडी लागत होती, तेवढी गोंदियातल्या त्या वरच्या मजल्यावर दिवसभरात नव्हतीच. आणि संध्याकाळ होऊन थोडं निवायला लागायच्या आत मी टेबल पुसून मोकळी होत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मी दिवा पुन्हा पेटवला. उरलेल्यातली चिमूट घेतली, वितळवली, आणि पट्टी हातात धरून बाहेरच्या वऱ्हांड्यात पळाले. तिथं चौकीदाराचा माठ होता, ओलं गोणपाट गुंडाळलेला. मी पट्टीची पाठ त्या ओल्या गोणपाटाला टेकवून धरली.

चौकीदार स्टुलावर बसून वारा घेत होता. "मॅडम, पानी पीना है तो गिलास है ना," तो म्हणाला.

"नको. थोडं थांबा," मी म्हटलं.

थांबायला फार लागलं नाही. पारदर्शक थराच्या एका कडेला धुकं आल्यासारखं झालं. ते पसरलं. मग सगळी पट्टी दुधाळ पांढरी झाली, माझ्या डोळ्यांदेखत, माठाच्या अंगावर. आत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर बारीक बारीक स्फेरुलाइटांची नुसती दाटी. प्रत्येकाच्या पोटात काळी फुली. बसत होता. भटक्याला घेऊनसुद्धा तो बसत होता. मी तिथंच फरशीवर फतकल मारून बसले.

आता एक हाव सुटली. इतकं गरम असताना हा अजिबात बसत नाही, की फार सावकाश बसतो? प्राध्यापकांना फोन करून रविवारचा दिवस आणि एक रात्र टेबल न पुसायची परवानगी मागितली. माझ्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, त्यांनी चहाचा विषयही काढला नाही. रविवारी सकाळी पट्टी वितळवून टेबलावर ठेवली, थर्मामीटर शेजारी, आणि दोघांना झाकून ठेवलं. दुपारी कितीतरी वेळ काळं. मग एका कोपऱ्यात एक ठिपका. चार वाजायच्या सुमाराला तो नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा गोल झाला होता. आख्ख्या पट्टीवर असे मोजकेच, पण ऐसपैस. गरमीमुळं सुरुवात करणारे थोडे, म्हणून जे सुरू झाले त्यांना वाढायला जागाच जागा. आणि त्यांच्या अंगावर एकात एक वर्तुळं होती, उजळ, काळं, उजळ, काळं, काठापर्यंत. अशी वलयं मी फक्त छापलेल्या चित्रांत पाहिली होती. गोंदियाच्या उन्हानं ती मला फुकट काढून दिली होती.

सोमवारी पहाटेची गाडी पकडली. ऊन चढायच्या आत नागपूर गाठायचं होतं, कारण तापलेल्या टपाखाली पट्ट्या पुन्हा वितळायला वेळ लागला नसता. मी पट्ट्यांची डबी ओल्या पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतली तेव्हा बाबा दारात उभे होते. "कोंबडीचे अंडे नेऊन राहिली का?" म्हणाले. पण चप्पल घालून स्टेशनपर्यंत आले, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे राहिले.

सरांची खोली यंत्रांमुळं गार ठेवलेली असायची. एसीचा आवाज, निळे पडदे, टेबलावर काचेचा पेपरवेट. त्यांनी आधी माठाची पट्टी पाहिली, मग उन्हाची. उन्हाच्या पट्टीवर बराच वेळ राहिले. मी सगळं सांगितलं. थर्मामीटर, माठ, त्रेचाळीस. त्यांनी चष्मा काढला.

"वितळवा," सर म्हणाले.

"कुठली, सर?"

"ही. वलयांची. माझ्यासमोर वितळवा आणि पुन्हा आणा. एकदा झालं ते खरं की योगायोग, हे मला कसं कळणार?"

तसली पट्टी एकच होती. बाटलीत आता काही नव्हतं. मी तिला हॉट प्लेटवर ठेवली आणि ते ऐसपैस गोल एकेक करून वितळून जाताना पाहिले. पट्टी पारदर्शक झाली. सरांच्या टेबलावर ठेवली असती तर तिथल्या गारव्यात मिनिटभरात बारीक दाणे आले असते, आणि ते काही वलयांचं उत्तर झालं नसतं. मी काही बोलायच्या आत सर उठले. सूक्ष्मदर्शक दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला आणि दार पायानं ढकलून बाहेरच्या गॅलरीत निघाले. मी पट्टी घेऊन मागं.

गॅलरीत लू वाहत होती. सरांनी स्वतः दोन खुर्च्या ओढल्या, यंत्र कठड्याजवळच्या बाकावर ठेवलं, त्याचा आरसा उजेडाकडं वळवला, वर्तमानपत्रानं आडोसा केला, आणि बसले. मी थर्मामीटर शेजारी ठेवला. पारा चढला, चव्वेचाळीसला अडला. आम्ही बसून राहिलो. सरांचा शर्ट पाठीला चिकटला. ते मधूनच वाकून बघायचे, मी बघायचे, काळंच. अंगाची लाही होत होती, पण आत जाऊ असं कुणी म्हणेना. इतक्या वर्षांत मी सरांना मे महिन्यात त्या खोलीबाहेर बसलेलं पाहिलं नव्हतं.

किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. सर वाकले आणि वाकलेलेच राहिले. "आला," म्हणाले. मग माझ्यासाठी बाजूला झाले. एक ठिपका होता, मधोमध बारीकशी फुली. आम्ही आळीपाळीनं बघत राहिलो आणि तो कुणाला न विचारता वाढत राहिला. पहिलं काळं वलय त्याच्याभोवती स्पष्ट झालं तेव्हा सरांनी रुमालानं मान पुसली.

"तुम्ही आठवडाभर अशा खोलीत बसत होता?"

"हो, सर."

"मग फोनवर सांगितलं का नाही, की खोली एवढी गरम आहे?"

"मला वाटलं, मे महिना सगळीकडंच असतो."

सरांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "माझ्याकडं नसतो. विचारायला मी हवं होतं. प्रबंधात खोलीचं तापमान असं कुठंही ठेवू नका. किती अंश, तेच लिहा. आणि लवकर लिहा, जून संपायच्या आत माझी सही झाली पाहिजे."

मी हो म्हटलं की नाही, ते आठवत नाही. गार पाण्याचे दोन पेले प्यायले एवढं आठवतं, आणि जिन्यावरून उतरताना हात हलके होते हे आठवतं. परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. बाहेर संध्याकाळ होत होती. भंडारा रोड गेलं ते पाहिलं, आणि त्यापुढं काहीच पाहिलं नाही.

कुणीतरी "डोंगरगड, डोंगरगड" म्हणत सामान काढू लागलं तेव्हा डोळे उघडले. गोंदिया कधीच मागं पडलं होतं. मी झोपेत दुसऱ्या राज्यात आले होते. फलाटावर उतरून परतीची गाडी विचारली आणि बाबांना फोन लावला. म्हटलं, उशीर होईल, मी डोंगरगडला आहे.

"तिकडं कायले गेली?"

"गेले नाही, बाबा. गाडीत झोप लागली. गोंदिया आलं ते कळलंच नाही."

"झोप लागली तुले?" त्यांनी विचारलं.

"हो."

"दोन महिने झाले, रोज रातच्यानं तुह्या खाटेचा आवाज आयकून राहिलो मी," बाबा म्हणाले. "झोप लागली मंतेस, तं मंग झालं काम. ये आरामानं."